प्रौढांसाठीच्या सरकारी अभ्यासक्रमांना ओळखीची कागदपत्रे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंधराव्या वर्षानंतर, अगदी साठीनंतरही, सरकारी खर्चाने किंवा सवलतीत शिकायला महाराष्ट्रात बऱ्याच वाटा आहेत. अर्ज अडतो तो बहुधा कागद कमी पडल्याने नाही, दोन कागद एकमेकांशी जुळत नसल्याने. दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे, पासबुकावर तिसरेच. म्हणून खालच्या उत्तरांत कोणता कागद लागतो यापेक्षा कोणता कागद आधी दुरुस्त करायचा यावर जास्त भर दिला आहे.

कोणत्या अभ्यासक्रमाला नेमके काय लागते?

सगळ्यात कमी कागद लागतात ते साक्षरता वर्गाला. केंद्र सरकारचा ‘उल्लास’ नव भारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी आहे आणि १५ वर्षांवरील कोणाही निरक्षराला तो खुला आहे. नोंदणी सर्वेक्षणाला येणारे शिक्षक ॲपवर करून घेतात. शेवटच्या चाचणीला (वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी ५० गुण, एकूण १५०) जाताना ओळखपत्राच्या आकाराचा एक फोटो आणि आधार, मतदार ओळखपत्र किंवा फोटो असलेले पासबुक यांपैकी काहीतरी जवळ ठेवा.

दहावी-बारावी करायची असेल तर मुख्य रस्ते दोन. पहिला राज्य मंडळाचा १७ नंबर अर्ज, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याचा अर्ज. त्याला मूळ शाळा सोडल्याचा दाखला लागतो, तो नसेल तर द्वितीय प्रत आणि प्रतिज्ञापत्र, शिवाय आधारकार्ड आणि पासपोर्ट आकाराचा फोटो. दुसरा रस्ता राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे लोक ज्याला ‘एनआयओएस’ म्हणतात त्याचा. तिथे ओळखीचा, पत्त्याचा आणि जन्मतारखेचा पुरावा, फोटो आणि सही लागते. दहावीसाठी किमान वय १४ आणि बारावीसाठी १५, वरची मर्यादा नाही. पाचवी आणि आठवीच्या समकक्ष परीक्षेसाठी राज्याचे मुक्त विद्यालय मंडळही आहे.

कौशल्य अभ्यासक्रमांत (प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना, जन शिक्षण संस्थान) आधार, आधारशी जोडलेला मोबाइल आणि बँक खाते हे तीन पाय आहेत. शिक्षणाचा दाखला कोर्सप्रमाणे बदलतो. आयटीआयला वरची वयोमर्यादा नाही हे फार जणांना ठाऊक नसते. तिथे दाखला आणि गुणपत्रिकेखेरीज अधिवासाचा आणि आरक्षण हवे असल्यास जातीचा दाखलाही लागतो.

शाळेत कधी गेलोच नाही. दाखला कुठून आणणार?

साक्षरता वर्गाला तो लागतच नाही. जन शिक्षण संस्थानची योजनाही मुळात निरक्षर, नवसाक्षर आणि मध्येच शाळा सुटलेल्यांसाठी आहे. तिची सुरुवात १९६७ साली मुंबईत कामगारांच्या श्रमिक विद्यापीठाने झाली, त्यामुळे ‘दाखला नाही’ हे वाक्य तिथे नवीन नाही.

दहावीसाठी एनआयओएसमध्ये आठवी पास असल्याचे प्रमाणपत्र नसेल तर ‘मी दहावीचा अभ्यास करण्याइतके शिकलो आहे’ अशा आशयाचे स्वतःचे घोषणापत्र चालते. मात्र जन्मतारखेचा पुरावा द्यावाच लागतो, घोषणापत्राने ती अट सुटत नाही. बारावीला दहावीचे प्रमाणपत्र हवेच, तिथे घोषणापत्र चालत नाही.

आधारकार्ड आहे ना, मग जन्मतारखेचा वेगळा पुरावा कशाला?

कारण आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नाही. आधार प्राधिकरणाने डिसेंबर २०२३ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले, आणि अलीकडच्या आधारपत्रावर तसे छापलेलेही असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही वय ठरवताना शाळेच्या दाखल्यावरची तारीख आधारपेक्षा वरचढ धरली. काही केंद्रे अजून आधारवर भागवून घेतात. पण परीक्षेचे प्रमाणपत्र ज्या तारखेने निघेल ती पुढे आयुष्यभर चिकटते, त्यामुळे भागवून घेण्यात तुमचाच तोटा आहे.

माझ्या आधारवर फक्त जन्मवर्ष आहे. दाखल्यावर मात्र १ जून लिहिलंय. खरं काय धरायचं?

ही जोडी घरोघरी सापडते. पूर्वी शाळेत नाव घालताना पालकांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी १ जून लिहून मोकळे होत, कारण शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. पुढे आधार काढताना कागद जवळ नव्हता, म्हणून अंदाजे वय सांगितले गेले. अशा वेळी आधारवर नुसते वर्ष छापले जाते आणि संगणकात मात्र त्या वर्षाची १ जानेवारी बसते. मग एकाच माणसाच्या दोन तारखा होतात: दाखल्यावर ०१/०६/१९८४ आणि आधारच्या नोंदीत ०१/०१/१९८३.

दाखला असेल तर तोच पाया धरा. १७ नंबर अर्जात जन्मतारीख दाखल्याप्रमाणेच भरा, आधारकडे बघून नको. आधारमधली तारीख दाखल्याकडे आणायची, उलटे करायला जाऊ नका. शाळेच्या जनरल रजिस्टरमधली (विद्यार्थ्यांची नोंदवही) जन्मतारीख शाळा सोडल्यावर बदलणे जवळपास अशक्य आहे. लेखनातली उघड चूक असेल आणि सबळ पुरावा असेल तरच शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीने ते होऊ शकते.

मग आधारमधली तारीख लगेच बदलून टाकू का?

जरा थांबा. आधारमध्ये जन्मतारीख सर्वसाधारणपणे एकदाच बदलता येते. ती एक संधी चुकीच्या कागदावर वाया घालवली की पुढे आधारच्या प्रादेशिक कार्यालयाशी पत्रव्यवहार करावा लागतो.

जन्मतारखेसाठी कोणते कागद चालतात त्याची यादी प्राधिकरण अधूनमधून बदलते. केंद्रावर रांगेत उभे राहण्यापूर्वी संकेतस्थळावरची ताजी यादी पाहा किंवा १९४७ या क्रमांकावर विचारा. जन्माचा दाखला, पासपोर्ट आणि मान्यताप्राप्त मंडळाचे प्रमाणपत्र हे भक्कम पुरावे. यातले काहीच नसेल आणि दहावी १७ नंबरने देणार असाल, तर आमचा सल्ला असा: अर्ज दाखल्यावर भरा, दहावीचे प्रमाणपत्र हातात येऊ द्या आणि त्याच्या जोरावर आधार दुरुस्त करा. कौशल्य अभ्यासक्रम आधी करायचा असेल तर त्याची नोंदणी आधारच्या तारखेनेच होईल. वयाच्या अटीत बसत असाल तर सध्या होऊ द्या.

लग्नानंतर नाव बदललं. आता अर्ज कोणत्या नावाने भरायचा?

सर्वांत जास्त अर्ज इथे अडकतात, म्हणून जरा सविस्तर.

समजा शाळेच्या दाखल्यावर ‘शिंदे सुनीता रामदास’ आहे. आधारवर ‘सुनिता प्रकाश पवार’ आहे. पासबुकावर ‘सौ. सुनिता पी. पवार’. बाई एकच, पण संगणकाला तीन दिसतात. फरकही तीन प्रकारचे आहेत: लग्नाने बदललेले वडिलांचे नाव आणि आडनाव, ‘नी’ आणि ‘नि’ मधला ऱ्हस्वदीर्घ, आणि पासबुकातले आद्याक्षर व ‘सौ.’.

नियम असा धरा. शाळा-मंडळाच्या परीक्षेला, म्हणजे १७ नंबरला, नाव दाखल्याप्रमाणे जाते, म्हणजे माहेरचे. कौशल्य अभ्यासक्रमात नाव आधारच्या ई-केवायसीतून (ऑनलाइन ओळख-पडताळणीतून) आपोआप उचलले जाते, म्हणजे सासरचे. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. पुढे नोकरीत दोन्ही प्रमाणपत्रे एकत्र मागितली की दोन्ही नावे एकाच बाईची आहेत हे जोडून दाखवणारा एक कागद लागतो. तो कागद म्हणजे विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचे राजपत्र. यातले एक आजच काढून ठेवा.

लग्नाची नोंद केली नसेल तर कितीही वर्षांनी करता येते, फक्त उशिराचा दंड भरावा लागतो. गावात ग्रामपंचायतीत आणि शहरात महापालिका किंवा नगरपालिकेच्या विवाह नोंदणी कार्यालयात. ‘नमुना ड’ भरायचा, दोघांचे फोटो, ओळख, वय आणि पत्त्याचे पुरावे, लग्नपत्रिका असल्यास ती, आणि तीन साक्षीदार. या प्रमाणपत्रावर लग्नापूर्वीचे नाव दाखल्यातल्याप्रमाणे अक्षर न् अक्षर लिहून घ्या. तिथे ‘सुनिता’ झाले तर जोडकागदच जुळायचा नाही.

राजपत्राचा अर्ज शासकीय मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाच्या संकेतस्थळावर होतो. जुने नाव, नवे नाव, कारण, पुरावे. राजपत्र प्रसिद्ध झाले की ते पान उतरवून त्याच्या दोन-तीन रंगीत प्रती काढून ठेवा.

पतीचा मृत्यू झालाय, घटस्फोट झालाय किंवा मी वेगळी राहते. कागद कसे जोडू?

पतीचा मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा न्यायालयीन हुकूमनामा असेल तर तो जोडकागद म्हणून चालतो. नुसत्या वेगळ्या राहणाऱ्या बाईकडे असा कुठलाच कागद नसतो आणि अर्जात ‘पतीचे नाव’ असा रकाना आला की पेन थांबते. शाळा-मंडळाच्या अर्जात वडिलांचे आणि आईचे नाव विचारतात, पतीचे नाही. जिथे ‘वडील किंवा पती’ असा पर्याय असेल तिथे वडिलांचे नाव लिहा, दाखलाही त्याच नावाचा आहे. पतीची सही किंवा त्याचे आधारकार्ड प्रौढ बाईच्या शिक्षणाच्या अर्जाला लागत नाही. कोणी मागितले तर कोणत्या नियमाने, हे लेखी मागा.

नावाचा क्रम किंवा इंग्रजी स्पेलिंग वेगळं असेल तर?

क्रमाने फारसे बिघडत नाही. दाखल्यावर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी असणे नेहमीचेच, तपासणाऱ्याला ते कळते. अर्जातले रकाने मात्र नीट पाहा: ‘पहिले नाव’च्या रकान्यात आडनाव भरले की प्रमाणपत्रही तसेच छापून येते.

स्पेलिंगचा फरक मात्र संगणक सोडत नाही. ‘पवार’मध्ये कुठे डब्ल्यू, कुठे व्ही. ‘ज्योती’च्या शेवटी कुठे आय, कुठे वाय. जुना दाखला पूर्ण मराठीत असतो, त्यामुळे त्यावर इंग्रजी स्पेलिंगच नसते. तेव्हा पहिल्यांदा इंग्रजी नाव जिथे लिहाल (बहुधा १७ नंबर अर्जात) तिथे आधारवरचेच स्पेलिंग उतरवा. एक अक्षर ‘सुधारून’ लिहिण्याचा मोह टाळा.

दाखला हरवलाय. किंवा शाळाच बंद पडली.

शाळा चालू असेल तर मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज करा. शाळेत कोणत्या वर्षी नाव घातले, कितवीत असताना सोडली, वडिलांचे पूर्ण नाव, शक्य असेल तर जनरल रजिस्टर क्रमांक एवढे लिहा. वर्ष आठवत नसेल तर बरोबरीच्या भावंडाचा किंवा वर्गमित्राचा दाखला पाहा. त्यावरच्या वर्षावरून रजिस्टरची बांधणी सापडते, आणि लिपिकाचे अर्धे काम कमी होते. मूळ हरवल्याचे प्रतिज्ञापत्र जोडले की ‘द्वितीय प्रत’ असा शेरा मारलेला दाखला मिळतो.

दाखला हातात आला की तिथेच उभे राहून वाचा. नाव, आईचे नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, जात, शाळा सोडल्याची तारीख, शिक्का, सही. अंकी आणि अक्षरी तारखेत फरक असणे ही नेहमीची चूक आहे, आणि ती लिपिकाच्या समोरच असताना पाच मिनिटांत सुटते.

शाळा बंद झाली किंवा दुसऱ्या शाळेत विलीन झाली असेल तर पंचायत समितीच्या शिक्षण विभागात, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी विचारणा करा. रजिस्टर कुठल्या शाळेकडे सोपवले ते तिथे कळते. शहरात हाच प्रश्न महापालिकेच्या शिक्षण विभागाला. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

प्रतिज्ञापत्राला ५०० रुपयांचा स्टॅम्प पेपर लागतो का?

शासकीय कार्यालयात किंवा न्यायालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्रावरचे मुद्रांक शुल्क राज्य शासनाने २००४ पासून माफ केले आहे. साध्या कागदावर लिहून सेतू केंद्रातून किंवा तहसील कार्यालयातून ते करता येते. शिवाय ९ मार्च २०१५ च्या शासन निर्णयाने बऱ्याच ठिकाणी प्रतिज्ञापत्राची गरजच काढून टाकली आहे, तिथे स्वयंघोषणापत्र पुरते. तरीही बाहेरचे टंकलेखक सवयीने स्टॅम्प पेपर विकत घ्यायला लावतात.

आधारमध्ये नाव-पत्ता बदलायला काय न्यावं लागतं, आणि किती वेळा बदलता येतं?

नाव दोनदा, जन्मतारीख एकदा, लिंग एकदा. पत्त्याला अशी मर्यादा नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून नाव, पत्ता, जन्मतारीख यांच्या दुरुस्तीला ७५ रुपये आणि बोटांचे ठसे, बुबुळ, फोटो नव्याने घ्यायला १२५ रुपये असा दर आहे. पावती मागा.

मूळ कागद न्यायचा, झेरॉक्स चालत नाही. कागद तुमच्याच नावाचा हवा. कुठलाच कागद नसेल तर प्राधिकरणाच्या ठरलेल्या नमुन्यातले प्रमाणपत्र चालते. त्यावर फोटो चिकटवायचा आणि राजपत्रित अधिकारी, तहसीलदार, आमदार, नगरसेवक किंवा सरपंच अशा ठरलेल्या व्यक्तींपैकी कोणाची तरी सही-शिक्का घ्यायचा. सही आणि शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर आला पाहिजे. हे प्रमाणपत्र तीन महिनेच चालते. कोणाची सही कोणत्या बदलाला चालते तेही त्या नमुन्यावरच लिहिलेले असते.

काम झाल्यावर ऑपरेटर पावती देतो. तिच्यावर इंग्रजी नावाखाली मराठी नाव असते. इंग्रजी टाइप केले की मराठी आपोआप उमटते, आणि ‘शिंदे’चे ‘शिंडे’ तिथेच होते. सही करण्यापूर्वी दोन्ही ओळी वाचा.

ओटीपी जुन्या नंबरवर जातो. अंगठा तर मशीनवर उमटतच नाही.

मोबाइल नंबर बदलायला कागद लागत नाही. तुम्ही स्वतः आधार केंद्रावर जायचे किंवा पोस्टमनकडून घरी करून घ्यायचे, तो ही सेवा देतो. नंबर स्वतःचा द्या. मुलाचा किंवा शेजाऱ्याचा दिला की परीक्षेच्या प्रवेशपत्रापासून विद्यावेतनापर्यंत प्रत्येक ओटीपीसाठी त्याच्या मागे फिरावे लागते.

ठशांचा त्रास बांधकाम, शेती, धुणीभांडी, विटभट्टी अशा कामांतल्या लोकांना होतो. कातडी झिजते, रेषा पुसट होतात. जायच्या आदल्या रात्री हाताला तेल किंवा व्हॅसलीन लावा, सकाळी धुऊन कोरडे करा. चुना, सिमेंट किंवा मेंदीचे हात घेऊन जाऊ नका. एक बोट लागले नाही तर दुसरे लावायला सांगा, दहाही बोटांची नोंद असते. तरी जमले नाही तर बुबुळ, चेहरा किंवा ओटीपी हे पर्याय आहेत. ‘मशीन घेत नाही, घरी जा’ हे उत्तर नियमात बसत नाही.

आधारच नाही. शिकता येणार नाही का?

येईल. सर्वोच्च न्यायालयाच्या २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर शाळाप्रवेश आणि मंडळाच्या परीक्षा यांना आधार सक्तीचे करता येत नाही. पण सरकारी तिजोरीतून मिळणारा लाभ, म्हणजे विद्यावेतन किंवा अनुदानित प्रशिक्षण, आधार कायद्याच्या कलम ७ खाली आधारशी जोडता येतो. आधार हातात येईपर्यंत आधार नोंदणीची पावती आणि दुसरे एखादे ओळखपत्र यावर काम चालवायची सोय योजनांच्या आदेशांत असते. तेव्हा नोंदणी लगेच करा आणि पावती जपा. तिच्यावरचा १४ अंकी क्रमांक आणि त्याखालची तारीख-वेळ हे मिळूनच पुढचा शोध घेता येतो.

मतदार ओळखपत्र, पॅन, रेशनकार्ड यांचा उपयोग?

मतदार ओळखपत्र ओळखीला आणि पत्त्याला चांगले. वयाला मात्र जपून: जुन्या कार्डावर जन्मतारीख नसते, ‘१.१.१९९५ रोजी वय २३’ असे काहीतरी असते, आणि ते वय घरोघरी फिरणाऱ्याने अंदाजाने लिहिलेले. दुरुस्ती किंवा पत्ताबदल ‘नमुना ८’ भरून होतो. पॅनवर पत्ताच नसतो. रेशनकार्ड कुटुंबात कोण कोण आहे ते दाखवते आणि पिवळे असेल तर उत्पन्नाच्या सवलतीला उपयोगी पडते, पण ओळखीचा एकमेव पुरावा म्हणून त्यावर विसंबू नका.

बँक खाते चालू आहे, तरी पैसे आले नाहीत. का?

चार कारणे पाहा.

खाते आधारला ‘लिंक’ आहे पण ‘सीडिंग’ झालेले नाही. बँकेने केवायसीसाठी आधार घेतले असेल, तरी थेट लाभाचे पैसे ज्या यादीवरून जातात तिथे खाते नोंदवायला वेगळा संमती अर्ज द्यावा लागतो. त्या यादीत एका वेळी एकच बँक असते. दोन खाती असतील तर शेवटी ज्या बँकेत सीडिंग केले तिथे पैसे जातात, आणि आपण मात्र दुसरेच पासबुक भरून आणत राहतो. सध्या कोणती बँक जोडलेली आहे ते आधारच्या संकेतस्थळावर ओटीपीने दिसते.

दोन वर्षे व्यवहार नसेल तर खाते निष्क्रिय होते. फोटो आणि आधार-पॅन घेऊन शाखेत केवायसी पुन्हा केले की ते सुरू होते.

जुन्या पासबुकावरचा आयएफएससी कोड बाद झालेला असतो. देना बँक आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात गेल्या, पण ती पासबुके अजून लोकांच्या पेटीत आहेत. नवे पासबुक छापून घ्या. कोड ११ वर्णांचा असतो आणि पाचवे नेहमी शून्य असते. तिथे ‘ओ’ हे अक्षर टाइप होते आणि अर्ज परत येतो.

चौथे कारण नावातला फरक, त्याची गोष्ट वर झालीच.

दुसऱ्या जिल्ह्यातून कामाला आलोय, भाड्याने राहतो. पत्ता कुठला द्यायचा?

अर्जात ‘कायमचा’ आणि ‘सध्याचा’ असे दोन पत्ते असतील तर आधारवरचा गावचा पत्ता कायमचा म्हणून द्या आणि सध्याचा स्वतंत्र लिहा. त्यासाठी आधार बदलायची गरज नाही. एकच रकाना असेल तर पत्र कुठे मिळेल आणि परीक्षा केंद्र कुठे हवे ते बघून ठरवा. आधारवरचा पत्ता बदलायचाच असेल तर नोंदणीकृत भाडेकरार किंवा कुटुंबप्रमुखाच्या संमतीने त्याच्या पत्त्यावर बदल, हे दोन सोपे मार्ग. दुसऱ्या राज्यातून आलेल्यांनी एक लक्षात घ्यावे: तिथल्या जातप्रमाणपत्रावर इथले राज्याचे आरक्षण मिळत नाही.

जात, उत्पन्न, अधिवास हे दाखले लागतातच का?

सवलत किंवा राखीव जागा हवी असेल तरच. सर्वांसाठी मोफत असलेल्या वर्गाला ते गोळा करत बसू नका. हवे असतील तर ‘आपले सरकार’ पोर्टल किंवा सेतू केंद्र. अधिवासाला राज्यात १५ वर्षे राहिल्याचा पुरावा लागतो. उत्पन्नाचा दाखला एक किंवा तीन वर्षांचा निघतो, कोर्सला कोणता हवा ते आधी विचारा.

जातीच्या दाखल्याला खरे काम असते ते जुन्या पुराव्याचे. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वी तुमचे घराणे महाराष्ट्रात होते हे दाखवावे लागते. विवाहित बाईची जात वडिलांकडून धरली जाते, म्हणून पुरावे माहेरचे लागतात. दिवाळीला माहेरी जाल तेव्हा आजोबांचा शाळेचा उतारा शोधून आणा.

दिव्यांग आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांसाठी काही वेगळं?

दिव्यांगांना सवलतीसाठी ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व दाखवणारे प्रमाणपत्र, शक्यतो यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे देशभर चालणारे ओळखपत्र). लेखनिक हवा असेल तर ते अर्जातच नोंदवा, परीक्षेच्या आठवड्यात धावपळ नको. तृतीयपंथी व्यक्तींना २०१९ च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखपत्र मिळते, अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर होतो. त्या ओळखपत्राच्या जोरावर आधार आणि इतर कागदांतले नाव व लिंग बदलता येते. दाखला जुन्या नावाचा असेल तर हेच ओळखपत्र जोडकागद ठरते.

आता सगळीकडे जन्माचा दाखलाच लागतो म्हणतात. खरं का?

१ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी. तुम्हाला ते लागू नाही.

झेरॉक्स, साक्षांकन, स्कॅन यांत काय चुकतं?

राजपत्रित अधिकाऱ्याची सही बहुतेक ठिकाणी आता लागत नाही, स्वयंसाक्षांकन पुरते: प्रतीवर ‘सत्यप्रत’ लिहायचे, सही, नाव, तारीख. आधारची प्रत देताना ‘फक्त अमुक अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी’ असे आडवे लिहा. पूर्ण क्रमांकाची गरज नसेल तिथे पहिले आठ अंक झाकलेले ‘मास्क्ड’ आधार द्या. ई-आधारच्या फाइलचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मवर्ष. तो न सांगता फाइल पाठवली की केंद्राला ती उघडत नाही आणि अर्ज ‘अपूर्ण’ दाखवतो.

डिजिलॉकर या सरकारी ॲपमधला ‘जारी केलेला’ कागद मूळ कागदाइतकाच ग्राह्य आहे. तुम्ही स्वतः फोटो काढून ‘अपलोड’ केलेला मात्र नुसता फोटोच.

स्कॅन करताना दाखला घडीवरून उघडून सपाट ठेवा, चारही कोपरे दिसू द्या. फाइलची मर्यादा किलोबाइटमध्ये असते. फार दाबली की जनरल रजिस्टर क्रमांक वाचता येत नाही. अपलोड झाल्यावर तीच फाइल उघडून तारीख वाचता येते का बघा.

मूळ दाखला केंद्रात जमा करायला सांगतात. द्यायचा का?

१७ नंबरसाठी ऑनलाइन अर्जाची छापील प्रत, शुल्काची पावती आणि मूळ कागद निवडलेल्या शाळेत किंवा कनिष्ठ महाविद्यालयात द्यावेच लागतात, तो नियमच आहे. देण्यापूर्वी दोन्ही बाजूंचा रंगीत स्कॅन आणि चार झेरॉक्स काढा. कोणते कागद दिले त्याची यादी करून तिच्यावर शाळेचा शिक्का घ्या. आधार, पॅन, पासबुक मूळ स्वरूपात ठेवून घ्यायचा अधिकार कोणत्याही केंद्राला नाही. दाखवा, ताडून झाले की परत घ्या.

एजंट म्हणतो, कागद माझ्याकडे द्या, सगळं करून देतो.

सेतू केंद्रात दराचा फलक असतो, तेवढेच पैसे आणि पावती. अर्ज भरायला मदत घ्या, पण मोबाइल आणि ईमेल तुमचाच टाका. एजंटचा टाकला तर प्रवेशपत्र, पासवर्ड, दुरुस्तीची सूचना सगळे त्याच्याकडे जाते, आणि दुरुस्तीची मुदत टळून गेल्यावर तुम्हाला कळते. ओटीपी विचारला तर कशाचा आहे ते संदेशात आधी वाचा. अभ्यासक्रमाच्या नोंदणीच्या ओटीपीत पैसे काढण्याचा उल्लेख कधीच नसतो. खोटा दाखला ‘बनवून’ देतो म्हणणाऱ्याकडून उठून या. तो पकडला गेला तर अर्ज रद्द होतोच, शिवाय गुन्हा सही करणाऱ्यावर, म्हणजे तुमच्यावर दाखल होतो.